धरलेली जागा

होड्या किनाऱ्याला ओढून ठेवल्या की सातपाटीत माणसांचे आवाज मोठे होतात. एरवी इंजिनांची फटफट आणि बर्फ फोडायच्या यंत्राची घरघर यांत सगळं बुडून गेलेलं असतं. मासेमारी बंद असते त्या पावसाळी महिन्यांत मात्र कोण कोणाला काय बोललं ते चार घरं पलीकडेही ऐकू येतं. आमच्या आणि गुलाबमावशीच्या घरामध्ये तर एकच भिंत होती. आय आणि मावशी सख्ख्या बहिणी, एकाच आळीत दोन चुलतभावांना दिलेल्या. आय इकडून विचारी, "गुलाब, जवळा हाय का गो?" तर तिकडून उत्तर येत नसे, वाटीच येत असे. बा ओटीवर जाळी दुरुस्त करत बसलेला असे. त्याच्या तोंडात सुई असल्यामुळे तो त्या महिन्यांत एरवीपेक्षाही कमी बोलत असे. माळ्यावर सुक्या बोंबलांची पोती. दुपारी तांदळाची भाकरी, सुक्या करंदीची चटणी, कधी सोड्यांचं कालवण. घरातल्या प्रत्येक वस्तूला तो वास होता, माझ्या पुस्तकांनाही. आज कोणी त्या वासाचं नाव काढलं तर मला भूक लागते. तेव्हा लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे मी केलं त्यात या लाजेचा वाटा किती आणि माझ्या न कळण्याचा किती, ते मला अजून नीट वेगळं करता आलेलं नाही.

वासंती मावशीची मुलगी. माझ्याच वर्गात, माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान. पालघरच्या कॉलेजात आम्ही एकाच एसटीने जात-येत असू. ती पुढे बायकांत, मी मागे पोरांत. तिला मासे कळत. आमच्याकडे ते सगळ्यांनाच कळतात, पण तिला प्रश्न पडत. एकाच दिवशी वाळत घातलेले बोंबील एका घरचे पांढरे राहतात आणि दुसऱ्या घरचे तांबूस का होतात, अमुक महिन्यात पापलेटाच्या पोटात अंडी दिसतात तर तेव्हाच ते का धरतात, असलं काहीबाही ती विचारी. जुन्या वह्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर ती कोणत्या दिवशी कोणाच्या होडीला काय आलं ते लिहून ठेवी. मावशी त्या वह्यांना तलाठ्याचं दप्तर म्हणायची. "आली माझी तलाठीन," असं म्हणून ती तिला जेवायला हाक मारी.

बारावीची परीक्षा झाल्यावर वासंतीनेच ती पुस्तिका आणली. आपल्याच राज्यातलं सरकारी कृषी विद्यापीठ, त्याचं दक्षिण कोकणात समुद्राकाठी असलेलं मत्स्य महाविद्यालय, चार वर्षांची पदवी. मच्छीमारांच्या मुलांसाठी थोड्या जागा राखीव होत्या, त्यासाठी सोसायटीचा दाखला लागे. घरात हे सांगितलं तेव्हा आय भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "मासली शिकायला कालेज?" ती म्हणाली. "मंग मी इतकी वरसं काय केलं?" बा सुई तोंडात असताना हसला, म्हणून ती ओठाला टोचली आणि तो पुन्हा गंभीर झाला. मावशी मात्र हसली नाही. एवढ्या लांब मुलगी एकटी पाठवायची नाही, एवढंच तिने सांगितलं. मग दोन दिवसांनी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला: पमोद, म्हणजे मी, जात असेल तर जाऊ दे, नाहीतर विषय बंद.

म्हणून मी तो फॉर्म भरला. मला त्या कॉलेजात जायचं नव्हतं. वासंतीला फॉर्म भरता यावा म्हणून माझा फॉर्म. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं मनात असंच म्हणत आलोय, आणि ते खरंही आहे. पण त्यावर थांबता येत नाही.

माझं मन बोईसरमध्ये होतं. आठवड्यातून तीन दिवस मी तारापूर अणुवीज केंद्राच्या कॉलनीत एका सरांकडे गणिताला जात असे. ते केंद्रात पंपांच्या विभागात होते आणि संध्याकाळी पाच-सहा मुलांना हौसेने शिकवत. कॉलनीतले रस्ते सरळ होते, झाडांना चुना लावलेला होता, आणि घरांत कशाचाच वास येत नसे. औद्योगिक वसाहतीवरून वारा आला तरच काय तो औषधासारखा उग्र वास यायचा. सरांच्या बाई दारातच पंख्याखाली बसायला सांगत. त्या चांगल्या होत्या, तरी मला वाटे की त्या मला मुद्दाम पंख्याखाली बसवतात. मी इंजिनिअर होईन, मुंबईच्या एखाद्या चांगल्या कॉलेजातून, आणि अशाच एका घरात राहीन, एवढं मी ठरवलं होतं. त्यापलीकडे इंजिनिअर नक्की काय करतो हे मला माहीत नव्हतं.

मार्क आले ते अधलेमधले. मुंबईच्या पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं. दुसरी यादी लागायची होती. सरांना मी मत्स्य महाविद्यालयाच्या फॉर्मबद्दल जवळजवळ विनोद म्हणून सांगितलं. सर गंभीर झाले. म्हणाले, "आमच्याकडे एकही पंप स्टँडबायशिवाय चालत नाही. चालू पंप बंद पडला तर दुसरा तयार उभा पाहिजे. मुंबई हा तुझा चालू पंप समज. दुसरा कुठला आहे?" मी म्हणालो, तोच एक आहे. "मग तो सोडू नकोस. आपल्या राज्यातलं सरकारी आहे, पदवी खरी आहे. मुंबईचं पक्कं होईपर्यंत धरून ठेव." त्यांना वासंतीबद्दल काही माहीत नव्हतं. मी सांगितलंच नाही. त्या घरात सुक्या मासळीबद्दल बोलावं लागू नये म्हणून मी बरंच काही सांगत नसे.

माझी मुलगी यंदा बारावीला होती. गेल्या महिन्यात ती संगणकासमोर बसून कॉलेजांचे पसंतीक्रम लावत होती. पहिल्या दहा ठिकाणी तिला हवी ती कॉलेजं होती. मग तिने मान वळवून विचारलं, "बाबा, शेवटी एखादं सरकारी टाकून ठेवू का, आपल्याकडचंच? नक्की मिळेल असं." मी टाक म्हणालो आणि उठून गॅलरीत गेलो. हे प्रकरण लिहायला घेतलं ते त्या दिवसापासून.

मत्स्य महाविद्यालयाची यादी पोस्टाने आली. राखीव जागांच्या यादीत शेवटचं नाव माझं. त्याखाली एक रेघ, रेघेखाली प्रतीक्षा यादी, आणि तिच्यात पहिलं नाव वासंतीचं. तिचे मार्क माझ्याहून किंचित कमी होते. परीक्षेच्या वेळी तिला कांजिण्या आल्या होत्या आणि रसायनशास्त्राचा पेपर तिने ताप अंगात घेऊन लिहिला होता. त्या दिवशी आम्ही सगळे आमच्याच घरी जेवलो. कागद ताटांच्या मधोमध ठेवलेला. मावशीला कळेना, आनंद मानायचा की काय. पोरीचं नाव कागदावर छापून आलंय, पण रेघेच्या खाली. ती रेघ म्हणजे काय, हे तिने तीनदा विचारलं.

समजावलं ते आयने. आमच्या बायका पालघरच्या बाजारात बसतात, तिथे एक रीत आहे. प्रत्येकीची जागा ठरलेली नसते. पहाटे जी येईल ती आपली रिकामी पाटी पालथी घालून जागा धरते आणि माल उतरवायला जाते. पालथ्या पाटीच्या जागेवर कोणी बसत नाही, भांडखोर बाईसुद्धा नाही. पण जिची पाटी ती काही कारणाने आलीच नाही, तर बाजूची बाई ती पाटी उचलून भिंतीला टेकवते आणि तिच्यानंतर आलेली जी पहिली, तिला हाक मारते. जागा कधी रिकामी राहत नाही. आयच्या सगळ्या आयुष्यात ती कधी रिकामी राहिलेली नव्हती. तिने कागदावरच्या रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "गुलाब, ह्याच्यात काय नाय. पमोदची पाटी पालथी हाय. त्याला मुंबईला जागा भेटली का तो पाटी उचलंल, मंग वासू बसंल. बाजूला तीच तर हाय."

मावशीने माझ्याकडे पाहिलं. इंग्रजी वाचणारा मी. "असाच हाय ना रे बाबू?"

"असंच असेल," मी म्हणालो.

वासंती ताटातला काटा बाजूला काढत होती. मला हे ठळक आठवतं, किंवा मागाहून मी ते तसं आठवायला शिकलो. आता सांगता येत नाही.

प्रवेश पक्का करायला मूळ कागदपत्रं घेऊन जायचं होतं. बाला होडीची डागडुजी होती, म्हणून आय माझ्याबरोबर आली. तिने लग्नातलं हिरवं लुगडं नेसलं, बांगड्या बदलल्या, आणि वाटेत खायला भाकरी आणि तळलेली सुकी मांदेली घेतली. मी एसटीत तो डबा उघडू देईना. शेवटी तिने एकटीनेच खिडकीकडे तोंड करून खाल्लं. ती लांबच्या प्रवासाला पहिल्यांदाच निघाली होती आणि प्रत्येक खाडी आली की मला कोपराने ढोसून दाखवत होती.

कॉलेजची इमारत लांबट आणि बैठी होती. कार्यालयाबाहेरच्या लांब खोलीत कपाटांमध्ये काचेच्या बरण्या होत्या आणि त्यांत औषधात बुडवलेले मासे. आय एकेका बरणीपुढे उभी राहून नावं घेऊ लागली, आपल्या नावांनी. कारकून कौतुकाने पाहत होता. "खायचे नाय तं ठेवलेत कशाला?" तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, पोरांना ओळखता यावेत म्हणून. "पोरांना?" आय म्हणाली. "म्हंजे त्यांना ठाऊकच नसतात?" दोघंही हसले. माझे कागद तपासून झाले, शिक्का बसला, पावती मिळाली. निघताना मी दाराशेजारच्या फळ्यावर लावलेली नोटीस वाचली.

ती इंग्रजीत टाइप केलेली होती. प्रवेश रद्द करायचा असेल तर अमुक तारखेपर्यंत करावा. त्यानंतर रिकाम्या होणाऱ्या जागा प्रतीक्षा यादीतून भरल्या जाणार नाहीत. मी आज त्याचं मराठी सरळ लिहू शकतो. तेव्हा मी त्यातल्या 'शॅल' या शब्दापाशी अडकलो. आमच्या शाळेत शिकवलं होतं की 'आय' आणि 'वी' यांच्याबरोबर शॅल येतो, बाकी सगळ्यांबरोबर विल. इथे जागांबरोबर शॅल आला होता. म्हणजे याचा अर्थ साधा भविष्यकाळ नसणार, भरल्या जाणार नाहीत असं नसणार, काहीतरी सौम्य असणार, भरल्या जाऊ नयेत, शक्यतो भरू नयेत, असं काहीतरी. मी त्या फळ्यापुढे उभा राहून मनात व्याकरण करत होतो. तारीख मात्र सरळ होती. ती नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची होती, आणि मुंबईची दुसरी यादी पौर्णिमेनंतर चार दिवसांनी लागायची होती.

आय मागे येऊन उभी राहिली. पुन्हा एकदा त्या बरण्यांकडे बघत म्हणाली, "वासू हिथं लई खूश होईल." मग माझ्या खांद्यावरून फळ्याकडे पाहून तिने विचारलं, "काय लिवलंय?"

"फीची माहिती," मी म्हणालो.

मला कळलं नव्हतं असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं. पण ज्याला कळलं नाही तो माणूस "काय की" म्हणतो. किंवा शेजारी बसलेल्या कारकुनाला विचारतो. तो तर आयशी इतकं चांगलं बोलत होता. मी विचारलं नाही, आणि आयला उत्तर दिलं ते दुसऱ्याच कशाचं तरी. मग मला वाटतं, कळलं होतं. मग पुन्हा वाटतं, सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला कळणं म्हणजे तरी काय. घाबरल्यावर तो जे डोळ्यांपुढे असेल ते बघत नाही. हे मी इतक्या वेळा दोन्ही बाजूंनी केलंय की आता तो फळासुद्धा मला नीट दिसत नाही. फक्त 'फीची माहिती' हे दोन शब्द माझ्याच त्या वेळच्या आवाजात ऐकू येतात.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस गावात होड्या रंगवायचं काम चाललं होतं. तेलाचा, डांबराचा वास, लहान पोरांच्या हातापायांवर निळे-हिरवे डाग. मी सकाळी उठलो की तारीख आठवायची. मुंबईचं मिळेल असं सर म्हणत होते, पण खात्री देत नव्हते. हातातली जागा सोडली आणि मुंबईचंही हुकलं तर पुढची सगळी वर्षं मी बाच्या शेजारी ओटीवर सुई घेऊन बसलेला मला दिसायचो. त्यात वाईट काय होतं ते आता विचारतो. तेव्हा विचारलं नाही. आणि जागा नाही सोडली तर? तर मग वासंती. पण आय म्हणाली होती ना, की ती बाजूलाच आहे. आयचं म्हणणं खोटं आहे हे मला ठाऊक होतं आणि तरी मी त्यावर टेकून होतो.

त्या दिवसांत वासंतीने मला एकदाच विचारलं. आम्ही दोघं पोती उन्हात टाकायला मागच्या अंगणात गेलो होतो. दोन तास ऊन पडलं होतं. पोत्याचं तोंड सोडत ती म्हणाली, "काय ठरवलंस?" मी म्हणालो, "बघू, यादी लागू दे." ती म्हणाली, "बरं." तिने पोतं उपडं केलं आणि बोंबील पसरायला बसली. यादी कधी लागणार हे तिने विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी आजवर मानत आलो.

नारळी पौर्णिमेला नेहमीसारखा नारळ समुद्रात सोडला, आयने नारळीभात केला, होड्या पाण्यात गेल्या. आदल्या दिवशीच्या तारखेचा विषय दोन्ही घरांत कोणी काढला नाही. चार दिवसांनी मुंबईच्या दुसऱ्या यादीत माझं नाव आलं. पहिल्या पसंतीचं कॉलेज नव्हतं, पण मुंबई होती. आयने पेढे नाही, नारळाच्या वड्या वाटल्या, आणि पहिली वडी घेऊन ती भिंतीपलीकडे गेली. मला इकडे तिचा आनंदी आवाज ऐकू येत होता: पमोदने पाटी उचलली, आता वासूचा नंबर, तयारीला लागा.

दुसऱ्या दिवशी मावशी आणि वासंती पालघरला गेल्या, पुस्तिकेवरच्या नंबरला फोन करायला. परत आल्या तेव्हा मी ओटीवर होतो. मावशी चपला न काढताच आमच्या घरात आली. ती रडत नव्हती, तिला काही समजत नव्हतं. फोनवरचा माणूस म्हणाला तारीख गेली. जागा आहे का, तर आहे. रिकामी आहे का, तर रिकामी आहे. मग द्या, तर देता येत नाही. आता ती तशीच राहणार, वर्षभर. "वरीसभर रिकामी ठेवून काय करनार?" आय भडकली. "पूजा करनार काय तिची?" आय त्या न पाहिलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत बोलत राहिली. सरकारला बोलली. ज्या कारकुनाशी हसली होती त्यालाही बोलली, की त्याने तेव्हाच सांगायला काय झालं होतं. मला कोणीच काही बोललं नाही. मला तर मुंबईला जायचं होतं. माझी बॅग भरायची होती, आणि ती भरायला वासंतीच आली. माझे शर्ट तिने घडी घालून ठेवले. प्रत्येक शर्ट नाकाजवळ नेऊन बघत होती आणि ज्याला वास येत होता तो पुन्हा धुवायला बाजूला टाकत होती.

त्या वर्षी पुन्हा फॉर्म भरायचं कोणी काढलं नाही. ती पालघरच्या कॉलेजात जात राहिली आणि दुसऱ्या वर्षी तिचं आमच्याच किनाऱ्यावरच्या नवापूरला लग्न ठरलं. मी इंजिनिअर झालो. अणुवीज केंद्रात मला नोकरी मिळाली नाही. बोईसरच्या एका कारखान्यात मिळाली, आणि त्या औषधी वासाच्या वाऱ्यात मी पंचवीसेक वर्षं काढली. लग्नकार्यांत आम्ही भेटायचो. ती माझ्या मुलीचे गाल ओढायची. या सगळ्या काळात मी एक गोष्ट मनाशी घट्ट धरली होती: मी ती जागा वेळेवर सोडली असती तरी मावशीने तिला एकटीला पाठवलंच नसतं. तिची अटच तशी होती. मी गेलो तर ती जाणार, मी नाही तर नाही. हिशोब केला तर माझ्यामुळे काही बिघडलंच नव्हतं.

मुलीने तो प्रश्न विचारल्यानंतरच्या रविवारी मी नवापूरला गेलो. आय आणि मावशी दोघी आता नाहीत, त्यामुळे कोणाला दुखवायची भीती उरली नव्हती, असं मी वाटेत स्वतःला सांगत होतो. वासंतीचं वाळवणाचं काम मोठं आहे. घरामागे बोंबील टांगायचे बांबू ओळीने उभे आहेत, सात-आठ बायका तिच्या हाताखाली असतात. तिच्या पडवीत प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत होती. एवढ्या खुर्च्या कशाला, मी विचारलं. ती म्हणाली, मत्स्य कॉलेजची पोरं येतात दरवर्षी, वाळवण बघायला. वह्या घेऊन. "मी सांगते, ती लिवून घेतात." हे ती इतकं सहज म्हणाली की मी बसायचं विसरलो.

मग मी सांगितलं. कसं सांगायचं ते मी पाठ केलं होतं, ते काही आठवलं नाही. म्हणालो, "वासू, त्या कॉलेजात तारखेची नोटीस लावली होती. मी वाचली होती. आयला खोटं सांगितलं."

ती मोरीपाशी हात धूत होती. तिने नळ बंद केला. "पुस्तिकेत पन होती," ती म्हणाली. "मागच्या पानावर. मी आणली त्याच दिवशी वाचलेली."

मला आधी समजलंच नाही. मी विचारलं, म्हणजे तुला माहीत होतं? त्या दिवशी जेवताना? मागच्या अंगणात? ती हो म्हणाली. मग बोलली का नाहीस?

"बोलले असते तं माझी आय तुझ्या आयशी भांडली असती. दोघी रोज बाजारात बाजूला बसायच्या. एकमेकींचं तोंड बघितलं नसतं परत." तिने पदराला हात पुसले. "तुला विचारलेलं मी. काय ठरवलंस म्हणून विचारलेलं. त्याच्यावर अजून काय विचारायचं?"

मी तेव्हा माझी ती घट्ट धरलेली गोष्ट बाहेर काढली. म्हणालो, पण मावशीने तुला एकटीला सोडलं नसतं. तसंही नसतंच जमलं.

"माझी आय तयार झालेली," वासंती म्हणाली. "बाबांनी समजावलेलं तिला, आठ दिवस. माझ्यासाठी गादी पन शिवून आणलेली. तू कुठं विचारलंस?"

बाहेर बायका कशावरून तरी हसत होत्या. माफी मी मागितली नाही. मी तिच्यापाशी ओझं टाकायला गेलो होतो की माझं ओझं फार नाही असं तिच्याकडून ऐकायला गेलो होतो, हे मला त्या क्षणी कळेना, आणि हे लिहितानाही कळत नाही. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना आम्ही दोघंही गप्प बसलो होतो, तारखेच्या एकाच ओळीवर. तिचं गप्प बसणं दोन बहिणींसाठी होतं. माझं कोणासाठी होतं हे आम्हा दोघांनाही तेव्हापासून माहीत होतं, फक्त ते मला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं.

तिने चहा टाकला. कप माझ्यापुढे ठेवत विचारलं, आज कशावरून आठवलं. मी मुलीच्या फॉर्मबद्दल सांगितलं. पसंतीची कॉलेजं सांगितली, शेवटी टाकलेलं सरकारीही सांगितलं. ती ऐकत होती. ते शेवटचं चांगलं आहे का, तिथे पोरीला राहायला सोय आहे का, असं तिने बारकाईने विचारलं.

"नाय आवडलं तर सोडायची तारीख असंल ना त्याला?"

असेल, मी म्हणालो. बघून ठेवतो.

"तू नको बघून ठेवू," वासंती म्हणाली. "तिलाच बघू दे."